जपानचा निर्मद्य पेला

मद्य या विषयावर आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची व्याख्याने होतात. मद्य किती घातक आहे हे सांगणारी एक, आणि सरकारने बंदी ठेवावी की उठवावी याचा खल करणारी दुसरी. दोन्ही प्रकारची व्याख्याने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. कामगारांच्या सभांतून स्वतःही दिली आहेत. आज मात्र या दोहोंच्या मधला, सहसा कोणी न विचारलेला प्रश्न आम्हांला मांडायचा आहे. जो पीत नाही, किंवा ज्याला त्या दिवशी पिता येत नाही, त्याने पिणाऱ्यांच्या पंगतीत बसावे कसे?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण चालकांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या संघटनेत तीसेक वर्षे काढल्यावर आमची खात्री झाली आहे की पुष्कळ माणसे पहिला पेला चवीसाठी घेत नाहीत. चारचौघांत वेगळे पडू नये म्हणून घेतात. या प्रश्नाला एका देशाने कारखान्यात तयार केलेले, बाटलीत भरलेले उत्तर दिले आहे. तो देश जपान. आम्ही जपान पाहिलेला नाही आणि महाविद्यालयाची पायरीही चढलेलो नाही. पण जगातले कामगार कसे जगतात हे वाचून समजून घेण्याची खोड आम्हांला पहिल्यापासून आहे, आणि त्या वाचनातून जे हाती लागले तेच येथे सांगत आहोत.

प्रथम जपानी पंगतीची रीत पाहू. काम संपल्यावर एका खात्यातली माणसे मिळून पिण्यास बसतात, त्या बैठकीला 'नोमिकाई' म्हणतात. बसल्याबरोबर 'तोरिआएझु बीरु', म्हणजे 'तूर्त बीअर', अशी मागणी होते. सगळ्यांचे पेले भरले की 'कानपाई' म्हणून ते उंचावतात. या शब्दाचा अर्थच 'पेला कोरडा करा' असा आहे. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. आणि कनिष्ठाने वरिष्ठाचा पेला दोन्ही हातांनी बाटली धरून भरायचा. आता ज्याच्यापुढे पेलाच नाही, तो या देवघेवीतून आपोआप बाहेर पडतो. त्याचा अपमान कोणी मुद्दाम करत नाही. रीतच अशी आहे की त्याला जागा उरत नाही. आणि ज्या बैठकीत साहेब बसला आहे, ती बैठक नावालाच ऐच्छिक असते, हे कामगाराला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि जपानात न पिऊ शकणारी माणसे थोडी नाहीत. मद्य पोटात गेले की यकृत त्याचे प्रथम अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करते, आणि मग एक विशिष्ट विकर त्या विषाचा निकाल लावते. जपान, चीन आणि कोरिया या भागांतल्या पुष्कळ लोकांत हे विकर जन्मतःच दुबळे किंवा निकामी असते. जपानात अशांचे प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास आहे. अशा माणसाने अर्धा पेला घेतला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. हा घरातून आलेला शरीराचा धर्म आहे. सवयीने तो जात नाही. उलट, तोंड लाल होत असतानाही जो नेटाने पीत राहतो त्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. जपानी भाषेत न पिणाऱ्याला 'गेको' आणि पट्टीच्या पिणाऱ्याला 'जोगो' असे जुने शब्द आहेत. गेकोला आग्रह करकरून पाजणे हा पूर्वी थट्टेचा विषय होता. आज त्याला 'अरुहारा', म्हणजे मद्याच्या नावाने केलेला छळ, असे नाव पडले आहे. अन्यायाला नाव मिळाले की लढा सोपा होतो, हा संघटनेचा नेहमीचा अनुभव आहे.

निर्मद्य पेय जन्माला आले ते मात्र गेकोच्या कळवळ्याने नव्हे. ते रस्त्यावरच्या मरणांतून आले. १९९९ च्या नोव्हेंबरात तोमेई महामार्गावर एका मद्यधुंद मालमोटार चालकाने पुढच्या मोटारीला मागून धडक दिली. मोटारीने पेट घेतला आणि तीन वर्षांची व एक वर्षाची अशा दोन सख्ख्या बहिणी आत जळून गेल्या. त्या वेळच्या कायद्यात हा केवळ निष्काळजीपणा गणला जाई. चालकाला चार वर्षांची शिक्षा झाली. आईवडिलांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी साडेतीन लाखांहून अधिक सह्या जमवल्या, आणि २००१ साली धोकादायक वाहन चालवून जीव घेण्याचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात आला. २००२ मध्ये चालकाच्या श्वासातील मद्याची मर्यादा लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमवरून ०.१५ वर आणली. पुढे २००६ च्या ऑगस्टात फुकुओका शहरात पालिकेच्या एका कर्मचाऱ्याने, कामाची वेळ नसताना, पिऊन गाडी चालवली. त्याने धडक दिलेली मोटार पुलावरून खाडीत पडली आणि तिच्यातली तीन बालके बुडाली. सारा देश हादरला. २००७ च्या दुरुस्तीने चालकाबरोबर त्याला मद्य देणारा, गाडी देणारा आणि त्याने प्यायले आहे हे माहीत असून त्याच्या शेजारी बसणारा, असे सगळेच शिक्षेस पात्र ठरले.

या शेवटच्या कलमाचा परिणाम नीट ध्यानात घ्या. आजवर मद्य ही पिणाऱ्याची खाजगी बाब होती. आता ती सगळ्या पंगतीची जबाबदारी झाली. गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या पेल्यात काय आहे, हे खानावळीच्या मालकालाही पाहावे लागले. मग त्याच्यापुढे ठेवायचे काय?

त्या काळी बाजारात 'बीअरच्या चवीची' पेये होती, पण त्यांत किंचित मद्य राहत असे. जपानच्या १९५३ च्या मद्यकर कायद्याप्रमाणे शेकडा एक किंवा त्याहून अधिक मद्यांश असेल तरच ते पेय 'मद्य' ठरते. त्यामुळे अर्धा टक्का असलेली बाटलीही 'मद्य नाही' म्हणून विकता येई. चालकाला असल्या शब्दच्छलाचा उपयोग नव्हता. त्याला शून्य म्हणजे शून्यच हवे होते. २००९ च्या एप्रिलमध्ये किरिन कंपनीने 'किरिन फ्री' हे पेय बाजारात आणले आणि त्यावर ०.०० टक्के असा आकडा छापला. बीअरच्या चवीचे, पूर्णपणे मद्यरहित असे जगातले हे पहिले पेय मानले जाते. कंपनीच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी अधिक खपले. २०१० मध्ये सनटोरीचे 'ऑल-फ्री' आले, २०१२ मध्ये असाहीचे 'ड्राय झीरो' आले, आणि पाहता पाहता ही एक स्वतंत्र बाजारपेठ झाली.

हे पेय बनवतात कसे, हे समजून घेणे मनोरंजक आहे. साध्या बीअरसाठी जवाला मोड आणून ते वाळवतात, भरडतात आणि कोमट पाण्यात ठेवतात. धान्यातील पिठाची साखर होते. हा गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या कडसर फुलांबरोबर उकळतात आणि त्यात यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि मद्य व वायू बाहेर टाकते. आता मद्य नको असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, बीअर पूर्ण बनवायची आणि मग हवेचा दाब कमी करून, थोड्या उष्णतेवर, तिच्यातील मद्य उडवून लावायचे. युरोपात ही वाट रूढ आहे. चव चांगली राहते, पण मद्याचा शेवटचा अंश सहजासहजी जात नाही. दुसरी वाट, यीस्ट घालायचेच नाही. किरिनने ही वाट धरली. मद्य कधी तयारच झाले नाही, तेव्हा ते राहण्याचा प्रश्नच नाही.

पण या वाटेवर अडचण मोठी. यीस्टवाचून त्या काढ्याला उकडलेल्या धान्याचा गोडूस वास येतो. शिवाय मद्य हे नुसती नशा देत नाही. ते पेयाला अंग देते, घशाला ऊब देते, सुवास नाकापर्यंत पोहोचवते. ते गेले की पेय पाणचट लागते. ही उणीव आम्ल, सुवास, तंतुमय पदार्थ आणि दाबून भरलेला वायू यांनी भरून काढावी लागते. हे कौशल्य जपानी कारखान्यांकडे आधीच होते, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. बीअरवरचा कर माल्टच्या प्रमाणावर ठरत असे. म्हणून १९९४ पासून कमी माल्टची 'हाप्पोशु' निघाली, आणि २००४ साली सॅप्पोरो कंपनीने तर माल्टऐवजी वाटाण्याच्या प्रथिनांपासून बीअरसारखे मद्य करून देशभर विकले. कर चुकवण्यासाठी जे नकलेचे शास्त्र वाढले, तेच पुढे चालकाच्या उपयोगी पडले.

आता कोणी म्हणेल, ही तर सारी कारखान्याची करामत झाली. तसे नाही. जपानच्या घरांत निर्मद्य पेये जुनीच आहेत. त्यांतील 'आमाझाके' सांगण्यासारखे आहे. जपानी साके तांदळापासून होते आणि त्याच्या दोन पायऱ्या आहेत. 'कोजी' नावाची बुरशी भाताच्या पिठाची साखर करते ही पहिली, आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते ही दुसरी. शिजवलेल्या भातात कोजी मिसळून ते मिश्रण पंचावन्न ते साठ अंशांच्या उष्णतेवर आठ-दहा तास ठेवले की साखर न घालताही ते गोड पेजेसारखे होते. तेथेच थांबायचे. ते आमाझाके. एदोच्या काळात फेरीवाले ते उन्हाळ्यात विकत, आणि हायकूमध्ये आमाझाके हा शब्द आजही ग्रीष्माचा सूचक मानतात. साके गाळून उरलेल्या चोथ्यापासूनही एक आमाझाके करतात. त्यात थोडा मद्यांश राहू शकतो, म्हणून चालकाने दोहोंतला भेद ओळखावा.

आपल्याकडची नीरा याच न्यायाची आहे. ताडाच्या झाडाचा रस पहाटे उतरवला आणि आंबू दिला नाही तर ती नीरा. ऊन चढून आंबला की ताडी. आमाझाके ही साकेच्या आधीची पायरी, नीरा ही ताडीच्या आधीची. दोन्ही ठिकाणी माणसाने निसर्गाला वाटेतच थांबवले आहे. 'उमे' या आंबट फळाचेही असेच. कच्ची फळे आणि साखर बरणीत थरावर थर रचून ठेवली की काही दिवसांत रस सुटतो. तोच पाण्यात घालून पितात. कोकमाच्या साली साखरेत मुरवून अमृतकोकम करणाऱ्या आपल्या कोकणच्या गृहिणीला हे शिकवायला नको. तीच फळे मद्यात मुरवली की 'उमेशू' होते. आणि त्या उमेशूची मद्यरहित प्रतिकृती चोया ही कंपनी विकते. फुशिमी येथील गेक्केइकान हा १६३७ साली स्थापन झालेला साकेचा कारखाना. त्यानेही साकेच्या चवीचे शून्य मद्यांशाचे पेय काढले. साकेत मद्य सुमारे पंधरा टक्के असते; तेव्हा तेवढे काढून चव टिकवणे बीअरपेक्षाही कठीण, हे उघड आहे.

या पेयांनी मद्यपान खरोखर कमी होते का? त्सुकुबा विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा केली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस पिणाऱ्या, पण व्यसनाचे रुग्ण नसलेल्या १२३ माणसांचे दोन गट पाडले. एका गटाला बारा आठवडे निर्मद्य पेये फुकट पुरवली. दुसऱ्याला काहीच दिले नाही. पिऊ नका असा उपदेश कोणालाच केला नाही. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे रोजचे मद्य सरासरी सुमारे साडेअकरा ग्रॅमने उतरले. दुसऱ्याचे तीन ग्रॅमनेही नाही. पुरवठा बंद झाल्यावर आठ आठवड्यांनीही फरक टिकून होता. हाताशी दुसरा पेला असेल तर माणूस तो उचलतो, एवढाच याचा अर्थ. पण तो लहान नाही.

तरीही आम्ही या पेयांची आरती ओवाळणार नाही. ज्याला व्यसनच जडले आहे आणि जो कष्टाने त्यातून बाहेर पडतो आहे, त्याच्या दृष्टीने तीच चव, तोच फेस, तोच डबा हे जुन्या सवयीचे आमंत्रण ठरू शकते. त्याने या वाटेस जाऊ नये. मुलांच्या हातीही ही पेये देऊ नयेत. जपानी कंपन्यांनी ती वीस वर्षांवरील माणसांसाठीच असल्याचे आपणहून ठरवले आहे. आणि शेवटी हे विकणारे कोण? मद्य विकणारेच. असाहीने २०२० च्या डिसेंबरात 'शहाणे पिणे' असा अर्थ होईल असे घोषवाक्य काढले आणि २०२२ साली तोक्योच्या शिबुया भागात न पिणाऱ्यांनाही सामावणारा बार उघडला. धंद्याला गिऱ्हाईक हवे, मग ते पिणारे असो वा न पिणारे. आपल्या देशात मद्याच्या जाहिरातीला बंदी झाल्यावर तीच नावे सोड्याच्या आणि पाण्याच्या बाटल्यांवर कशी झळकली, हे आपण पाहिलेच आहे. निर्मद्य बाटली मद्याच्या बाटलीची दूती होऊ नये, ही जागरूकता समाजाने ठेवली पाहिजे.

सरकारचे तरी काय? १८९९ साली जपानच्या तिजोरीत मद्यकर जमीन महसुलाच्याही पुढे गेला, आणि त्याच वर्षी लोकांनी घरी मद्य गाळण्यास बंदी झाली. १९८० साली एकूण करांत मद्यकराचा वाटा पाच टक्के होता. २०२० पर्यंत तो दोन टक्क्यांच्याही खाली आला. तेव्हा २०२२ साली तेथील करखात्याने तरुणांनी मद्य अधिक घ्यावे यासाठी कल्पना मागवणारी स्पर्धाच जाहीर केली! आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच सरकारच्या आरोग्य खात्याने मद्याच्या धोक्याची पहिली मार्गदर्शिका काढली. एक हात पेला पुढे करतो, दुसरा मागे ओढतो. मद्यावर तिजोरी भरणाऱ्या कोणत्याही सरकारला हे चित्र ओळखीचे वाटेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जपानच्या 'राकुगो' या कथाकथनाच्या कलेत चाळकऱ्यांच्या वसंतसहलीची एक जुनी विनोदी गोष्ट आहे. नाव 'नागाया नो हानामी'. नागाया म्हणजे आपली चाळच. भाडे थकलेल्या गरीब भाडेकरूंना घरमालक चेरीचा बहर पाहायला नेतो. बरोबर साके म्हणून पातळ केलेला चहा, माशाच्या वड्या म्हणून मुळ्याच्या चकत्या, आणि अंड्याची पोळी म्हणून मुळ्याचे पिवळे लोणचे. तेथे पोहोचल्यावर मालक फर्मावतो की कोणीतरी झिंगून दाखवा! बिचारा भाडेकरू चहा पिऊन झिंगल्याचे सोंग करतो. जपानी माणूस या गोष्टीला पिढ्यान् पिढ्या हसत आला आहे. आम्हीही हसलो, पण हसता हसता मनात आले की येथे पेल्यात मद्य नाही, तरी बळजबरी मात्र पुरेपूर आहे.

आमच्या मते निर्मद्य पेल्याची खरी कसोटी येथे आहे. साहेबाच्या बैठकीला जावेच लागते, रात्री उशिरापर्यंत बसावेच लागते आणि त्या वेळेचा मोबदला मिळत नाही, असे असेल तर पेल्यात बीअर आहे की शून्य टक्के, याने कामगाराचे ओझे थोडेच हलके होते. उलट, ज्या माणसाला मनापासून मित्रांत बसायचे आहे, त्याला हा पेला मोठे स्वातंत्र्य देतो. त्याला कारण सांगावे लागत नाही. औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे, सोसत नाही, की नुसतेच नको आहे, हे त्याचे त्याच्याजवळ राहते. तो पेला उंचावतो आणि सर्वांत मिसळतो.

चालकांच्या बाबतीत जपानने आणखी एक पाऊल टाकले. २०११ च्या मे महिन्यापासून वाहतूक कंपन्यांना कामाच्या हजेरीच्या वेळी यंत्राने चालकाचा श्वास तपासणे बंधनकारक झाले. २०२१ च्या जूनमध्ये चिबा प्रांतातील याचिमाता येथे पिऊन मालमोटार चालवणाऱ्याने शाळेतून परतणाऱ्या मुलांना चिरडले. दोन मुले गेली. ती मोटार या नियमात बसत नव्हती. मग २०२३ च्या डिसेंबरपासून स्वतःच्या मालासाठी पाच किंवा अधिक गाड्या ठेवणाऱ्या सर्व आस्थापनांना यंत्राची तपासणी लागू झाली. पिऊन चालवल्याने घडणारे प्राणांतिक अपघात २००० साली वर्षाला बाराशेच्या वर होते. २०२० मध्ये ते दोनशेच्या खाली आले. हे यश बाटलीचे एकटीचे नाही. कायदा, आईवडिलांची चळवळ, मालकावर टाकलेली जबाबदारी आणि हाताशी असलेला दुसरा पेला, या चौघांचे ते मिळून आहे.

आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून चंद्रपूरच्या २०१५ ते २०२१ च्या बंदीपर्यंत आपण 'घेऊ नको' हे पुष्कळ वेळा सांगून पाहिले. 'मग काय घेऊ?' याचे उत्तर मात्र क्वचितच दिले. ढाब्यावर रात्री थांबणाऱ्या चालकाला थंड, चांगले, स्वस्त आणि चारचौघांत हातात धरायला संकोच वाटणार नाही असे काय मिळते, हे एकदा जाऊन पाहावे. आमच्याकडे नीरा आहे, कोकम आहे, सोलकढी आहे, पन्हे आहे. जपानी बाटली मागवण्याची गरज नाही. गरज आहे ती पंगतीत त्या पेल्याला मान देण्याची, आणि तो उचलणाऱ्याला 'का रे, घेत नाहीस?' असे न विचारण्याची. कामगाराच्या आयुष्यात हा प्रश्न न विचारला जाणे ही फार मोठी सवलत आहे, आणि ती द्यायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.